प्रौढांसाठी बसण्याचा वर्ग

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरांना दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावरून उठवून घरी पाठवलं, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. हसू अशासाठी, की ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना जागेवर बसवलं त्याला स्वतःला वीस मिनिटं पडून राहता आलं नव्हतं. आणि भीती अशासाठी, की सरांना डोळा एकच होता. दुसरा लहानपणी विटी लागून गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू पिकत चालला होता, हृदय नाजूक म्हणून पूर्ण भूल देता येत नव्हती. डोळ्यात थेंब घालून, शुद्धीवर, मान न हलवता पडून राहायचं, एवढा एकच मार्ग होता.

"काका, पहिल्या वेळी तुम्ही तोंडावरचं कापड बाजूला करून सिस्टरला सांगितलंत, की भिंतीवरचं घड्याळ तिरकं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज मान उचलून विचारलंत, हा दिवा निळा आहे की जांभळा. तेव्हा माझ्या हातात काय असतं माहितीये ना?"

"पण घड्याळ तिरकं होतं," सर म्हणाले.

"वीस मिनिटं न हलता पडून राहायची सवय करून या. मग मी आहेच. फक्त फार दिवस लावू नका."

मी सरांची शाळेतली विद्यार्थिनी नव्हे. सर डोंबिवलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रकलेचा बोर्डाचा पेपर नसतो, त्यामुळे मार्च आला की बाकीचे शिक्षक पेपर तपासायला आणि चित्रकलेचे सर सुपरव्हिजनला, असा शिरस्ता. पुढे पुढे तर बँकेच्या, कॉलेजच्या, कुठल्या कुठल्या परीक्षांना लोक सरांनाच बोलवायला लागले. चित्रं त्यांनी शिकवली असतील ती असतील, पण नाव झालं ते सुपरव्हायझर म्हणून. आजही डोंबिवलीत चारचौघांत सरांचा विषय काढा, एक तरी टक्कल पडलेला गृहस्थ अभिमानाने सांगेल, की मला सरांनी पकडलेलं. सरांचा एक डोळा निकामी आहे हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. कोणता, हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यामुळे सर खिडकीकडे बघत असले तरी दाराजवळच्या बाकावरचा मुलगा चिठ्ठी गिळून टाकायचा.

निवृत्त झाल्यावर सर वर्षभर घरी होते. त्या वर्षात त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या लोकांच्या दारावरच्या पाट्या सरळ केल्या. मग तळमजल्यावरच्या, बंद पडलेल्या शिकवणीच्या खोलीची किल्ली मागून घेतली, कल्याणच्या भंगारवाल्याकडून शाळेचे जुने बाक आणि एक पितळी घंटा आणली आणि स्वतःच्या हाताने पाटी रंगवून बाहेर लावली. 'प्रौढांसाठी बसण्याचा वर्ग. सकाळी सात ते आठ. काहीही शिकवले जाणार नाही.' अक्षर असं, की बघत राहावं. फक्त शेवटच्या 'नाही'त रंग भरायचा राहिला होता. पुढे कधीतरी सर पुतणीकडे रोह्याला राहायला गेले तेव्हा ती पाटी मी मागून घेतली. त्या 'नाही'त अजूनही रंग नाही.

मी कुठल्या अवस्थेत तिथे गेले ते सांगायला हवं. वय छत्तीस, काम घरून, विम्याच्या फायली तपासायचं. फाइल उघडली की तिच्यातल्या गावाचं नाव बघून तिथे एसटी जाते का ते शोधायचं, त्यावरून आपली प्रवासाची बॅग फाटल्याचं आठवायचं, बॅगा बघता बघता चहा ठेवायचा आणि चहा करपल्याचा वास आला की फाइल आठवायची. वर्षभरात तीन पातेली कामी आली. सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. योगाची चटई होती, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असायचे. तांब्याची बाटली होती. तीन डायऱ्या होत्या, तिन्हींच्या पहिल्या पानावर 'उद्यापासून' असं लिहिलेलं होतं. मन शांत करणारं एक अ‍ॅपही होतं, ते दिवसातून नऊ वेळा टुंग करून मला शांत व्हायला सांगायचं. कामात सुधारणा दिसली नाही तर विचार करावा लागेल असं ऑफिसचं पत्र आलं, तेव्हा मी ते अर्धं वाचलं आणि उठून बेसिन घासायला घेतलं.

भाजी आणायला निघाले होते, पाटी दिसली, आत शिरले. भाजी त्या दिवशी राहिलीच.

"घरी बसता येत नाही?" सरांनी विचारलं.

"नाही."

"किती मिनिटं जमतं?"

"चार."

"चार पुष्कळ झाली. उद्या पाच बसायचं." आणि त्यांनी पुठ्ठ्याचं एक हॉल तिकीट हातात दिलं. बैठक क्रमांक सात. त्या दिवसापासून मी सात. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. नावाबरोबर माझ्या सगळ्या भानगडी येतात, सात नंबरवर अजून कसलाच डाग नव्हता.

वर्ग म्हणजे परीक्षाच. दाराबाहेर स्टुलावर पिठाचा मोठा डबा, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे आणि सर झाकण लावणार. मधूनच डबा घूं घूं करायचा, मग सर बाहेर जाऊन त्याच्यावर टिचकी मारून यायचे. पहिल्या घंटेला जागेवर. दुसऱ्या घंटेला प्रश्नपत्रिका. ती आपली आपणच लिहायची, एका कागदावर, की या तासात मी काय करणार. मी पहिल्या दिवशी सहा कामं लिहिली. सरांनी पाचांवर काट मारली.

"सर, पण ती पण करायचीयत."

"या पेपरला नाहीत."

आणि मग पुरवणी. सरांचा सगळा जीव त्या पुरवणीत होता. काम करता करता मनात जे जे येईल, विजेचं बिल, मावशीला फोन, मांजरं स्वप्नं बघतात का, ते उठून करायचं नाही, पुरवणीवर लिहायचं आणि परत मूळ पेपरावर यायचं. आठ वाजता सर प्रत्येकाच्या पुरवण्या पांढऱ्या दोऱ्याने बांधून हातात द्यायचे. माझा मूळ पेपर पाऊण पान आणि पुरवण्या चार, असं पहिला महिनाभर चाललं होतं. घरी जाऊन त्या पुरवण्या वाचल्या की जाणवायचं, यातलं एकही काम असं नव्हतं की जे तेव्हाच्या तेव्हा केलं नाही म्हणून बिघडलं असतं. मांजरांचं तेवढं अजून बघायचं आहे.

उठायचं असेल तर हात वर. सर स्वतः दारापर्यंत सोडायला येणार, बाहेर उभे राहणार आणि परत जागेवर आणून बसवणार. दोन दिवसांत सगळ्यांच्या तहानेला आपोआप शिस्त लागली.

"मन पळतं तर पळू द्या," सर सांगायचे. "बूड जागेवर ठेवा. मन दमलं की परत येतं. आल्यावर त्याला जागा रिकामी दिसता कामा नये."

आणि तासभर सर चालत. बाकांच्या रांगांतून, करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घालून, एका लयीत. ती करकर मागून पुढे गेली की पाठ आपोआप ताठ व्हायची. स्वतः सर कधी बसलेले मी पाहिले नाहीत. खुर्चीवर त्यांची छत्री बसलेली असे. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, बसमध्ये जागा असली तरी उभ्याने. मला वाटायचं, केवढी ही शिस्त!

माझ्या शेजारच्या रांगेत बारा नंबर होता. ठाण्यातल्या बाळकुमचा, पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी. आजोबा मिठागरावर राबलेले, बापाने शेती केली, आणि आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिलेले. हा माणूस मोठी पांढरी गाडी घेऊन रोज सकाळी बाळकुमहून डोंबिवलीला तासभर बसायला यायचा आणि यायला त्याला कधी कधी बसण्याहून जास्त वेळ लागायचा. त्याच्याकडे उरलेल्या जमिनीचा, बिल्डरबरोबरचा एकशे चाळीस पानांचा करार होता. भाऊ म्हणत होता सही कर, आणि याने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं की वाचल्याशिवाय सही करायची नाही. रोज तिसऱ्या पानावर तो माझ्या स्क्रीनकडे बघायला लागायचा.

"बारा नंबर, मान समोर!"

"सर, मी कॉपी नाय करत. तिचा काय चाललाय ता बगत होतो."

"त्यालाच कॉपी म्हणतात."

"पन मना तिच्या विम्याशी काय करायचाय?"

"तेच मीही विचारतोय," सर म्हणाले आणि करकर पुढे गेली. बारा नंबरने होळीच्या सुमारास सत्त्याऐंशीवं पान गाठलं आणि भर वर्गात उभा राहिला. बिल्डिंग बावीस मजल्यांची होती आणि करारात त्याला दिलेला फ्लॅट तेविसाव्या मजल्यावर होता. सरांनी आधी त्याला परवानगीशिवाय उभा राहिल्याबद्दल रागे भरलं, मग पाठीवर थाप मारली. मीही तोवर चाळीस मिनिटांवर आले होते. ऑफिसचं दुसरं पत्र आलं नाही, आणि घरातलं चौथं पातेलं शाबूत राहिलं.

असं सगळं बरं चाललेलं असताना जुलैत ती रेनकोटची गोष्ट झाली. नऊ नंबर गावाला गेला होता आणि त्याच्या बाकावर बारा नंबरने आपला रेनकोट वाळत टाकला होता. सर रांगेतून आले, थांबले.

"नऊ नंबर, पाठ सरळ."

आम्हाला आधी विनोद वाटला. सर विनोद करत नसत हे नंतर लक्षात आलं.

"नऊ नंबर, मी काय म्हणतोय?"

बारा नंबर हळूच उठला, परवानगी न मागता, आणि त्याने रेनकोटचे खांदे धरून ते नीट बाकाच्या पाठीला टेकवले.

"केली सर, सरळ," तो आवाज बारीक करून म्हणाला.

"शाब्बास," सर म्हणाले आणि पुढे गेले. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी पुरवणीवर लिहिलं, 'सरांना दिसत नाही.' ती पुरवणी मी आधी फाडून टाकली, मग दुसरीवर परत तेच लिहिलं.

तास संपल्यावर बारा नंबरने सरांना गाडीत घातलं आणि आम्ही ठाण्याला गेलो. तिथे दोन वेळा जे झालं ते सांगितलंच आहे.

दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा मी सरांना घरी सोडायला वर गेले. एकटा माणूस, एका खोलीचं घर, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रंच चित्रं. एकही पुरं नाही. घाटावरचं देऊळ, त्याला कळस नाही. बाजारातल्या बायका, त्यांच्या टोपल्यांत काही नाही. एका समुद्राला आकाशच नव्हतं, नुसता कॅनव्हास. स्वयंपाकघरात अर्धी सोललेली लसूण, अर्धवट लिहिलेलं पोस्टकार्ड आणि पाणी घालता घालता सोडून दिलेली तुळस. मी बघतच राहिले. ते घर मला ओळखीचं होतं. ते माझंच होतं.

"सर, हे सगळं..."

"मी तुमच्यातलाच आहे गं," सर म्हणाले. "एका जागी दहा मिनिटं मला कधीच बसता आलं नाही. फक्त मला उभं राहायची नोकरी मिळाली. माझं पळणारं मन सगळ्या वर्गभर फिरायचं आणि लोकांना वाटायचं, काय हे लक्ष!" मग चष्मा काढून पुसत राहिले. "दुसरा डोळा असता तर एवढी भीती वाटली नसती."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी माझ्या सख्ख्या काकांबद्दल कधी वाटली नाही. मी म्हटलं, "उद्या सात वाजता. हॉल तिकीट घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दोन बाक जोडून त्यांवर सतरंजी घातली. तोंडावर घालायला माझी हिरवी ओढणी, डोळ्यापुरतं भोक पाडलेली. ते भोक गोल नाही म्हणून सरांनी कंपास मागवला आणि त्यातच पंधरा मिनिटं गेली. शेवटी ते उताणे झाले, बारा नंबरने घंटा दिली.

"त्या पंख्याचं एक पातं..." सर म्हणाले. सव्वा मिनिट झालं होतं.

बारा नंबर म्हणाला, "सर, आमचा आजा मिठागरावर होता. तो सांगायचा, पानी आत घेतला का मग त्याला हलवायचा नाय. हलवत रायला तर मीठ धरत नाय."

"हे पाण्याला सांग. मला काय सांगतोस?"

मग मला सुचलं. मी पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा त्यांच्या हातात दिला. "सर, ही तुमची पुरवणी. पडून लिहिता येणार नाही. मनात काही आलं की अंगठ्याने बोटाला एक वेढा द्यायचा. बोलायचं नाही, मान हलवायची नाही." सर खूश झाले. पाच मिनिटांत अख्खा दोरा संपला आणि बोटाचं रीळ झालं. तरी पाच मिनिटं झाली होती.

पाचाची सात झाली आणि सातावर गाडी अडली. सातव्या मिनिटाला सर अस्वस्थ व्हायचे, पाय हलायचे. एक दिवस ओढणीखालून ओरडले, "अरे, कुणी चालत का नाही? सुपरव्हायझर नसलेल्या वर्गात कोण बसेल?"

खरंच होतं. सर आडवे झाल्यापासून वर्गात करकर नव्हती. मी त्यांच्या चपला घातल्या, दोन अंगुळं मोठ्या, फटक फटक करणाऱ्या, आणि बाकांच्या रांगांतून चालायला लागले. सरांचे पाय थांबले. त्या दिवशी अकरा मिनिटं झाली. पुढे रोज एकेक मिनिट वाढवत गेलो. घाई करायला गेलो की सर म्हणत, "चारची पाच. पाचची सहा. तुला कसं बसवलं होतं, विसरलीस का?" वीस मिनिटं झाली त्या दिवशी बारा नंबरने एवढ्या जोरात घंटा दिली, की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅस गळती समजून खाली आल्या.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मी अट सांगितली.

"चप्पल? आत? शक्यच नाही."

"आत नाही. दाराबाहेर. फक्त तुम्ही आत आवाज करू नका."

त्यांनी माझ्याकडे, मग सरांच्या बोटातल्या दोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. पण दोऱ्याचा हात चादरीखाली."

"दहा मिनिटं उरली की दारावर दोन टकटक," सरांनी मला बजावलं. "पेपर लिहिणाऱ्याला सांगावं लागतं."

दार बंद झालं. फोन मी बारा नंबरकडे दिला आणि पॅसेजमध्ये चालायला लागले. करकर, करकर. खुर्च्यांवर बसलेले पेशंट माझ्या पायांकडे बघत होते, एक बाई उठून पलीकडच्या खुर्चीवर गेली. पहिल्या फेरीत मला आठवलं, की दूध फ्रिजबाहेर राहिलंय. दुसऱ्या फेरीत, भिंतीवरच्या तक्त्यातला डोळा डावा की उजवा? माझ्याही हातात दोऱ्याचा तुकडा होता. मी बोटाला वेढे देत राहिले. मग कधीतरी वेढे थांबले. नुसतं दार, आणि दारापलीकडे पडलेला एक माणूस, जो ही करकर ऐकतोय. ती थांबली तर तो मान उचलेल. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी विसरलेय, पण दरवेळी दुसरीच एखादी गोष्ट बघण्याच्या नादात. त्या दिवशी ज्या कामासाठी उभी होते त्याच कामात एवढी बुडाले, की दोन टकटक द्यायच्याच राहिल्या.

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत सर, डोळ्यावर पट्टी. दुसऱ्याला तसंही दिसत नव्हतं, त्यामुळे ते हवेत बोट नाचवत होते. बोटाला दोऱ्याचे फक्त सहा वेढे होते.

"दहा मिनिटं उरल्याचं सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"विसरले, सर."

"मी त्या टकटकीची वाट बघत पडलो होतो. म्हटलं, अजून वाजली नाही म्हणजे पुष्कळ वेळ आहे. तेवढ्यात त्या म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, बाई, कसं शक्य आहे?"

"एकदाही हलले नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बारा नंबर भिंतीकडे तोंड करून उभा होता. "ह्यांचा एसी लय कडक हाय," म्हणाला आणि रुमालाने नाक पुसलं.

पट्टी दुसऱ्या दिवशी निघायची होती. आम्ही तिघं परत ठाण्याला. सर वाटभर गाडीत बसून होते, शांत, हात मांडीवर. आदल्या रात्री आम्हा कुणाला झोप नव्हती. मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले, कोपर गुडघ्यांवर, तोंड ओंजळीत. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला, आणि बाजूला झाल्या.

"काका, काय दिसतंय?"

सरांनी सावकाश डोळा उघडला. छताकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. बारा नंबरने माझा खांदा गच्च धरला होता.

"सात नंबर," सर म्हणाले, "पाठ सरळ."

मी पाठ सरळ केली.